बाबा नेमके कुठे उठून गेले?

पत्र थोडक्यात : पत्रलेखिका ३५ वर्षांची, पुण्यात नोकरी करते. तीन वर्षांपासून तिचं ५३ वर्षांच्या एका गृहस्थांवर प्रेम आहे. त्यांचा आठ वर्षांपूर्वी घटस्फोट झालाय, २१ वर्षांचा मुलगा शिकतोय. पूर्वी ते ऑफिसात तिचे वरिष्ठ होते, आता दोघं वेगवेगळ्या कंपन्यांत आहेत. लग्न करायचं दोघांचंही ठरलंय, पण तिच्या गावाकडच्या घरी कुणालाच काही माहीत नाही. सगळ्यांचा अंदाज घ्यावा म्हणून दिवाळीत तिने घरी टीव्हीवर मुद्दाम ‘चीनी कम’ लावला. लंडनमधल्या ६४ वर्षांच्या शेफची आणि ३४ वर्षांच्या नीनाची ती गोष्ट. नीनाचे दिल्लीतले वडील ५८ चे, म्हणजे होणाऱ्या जावयाहून सहा वर्षांनी लहान. बघता बघता घरच्यांनी मतं दिली. वहिनी म्हणाली, “किती गोड आहेत दोघं! पण खऱ्यात नको गं बाई.” दादा म्हणाला, “अमिताभ आहे म्हणून खपतं. आपल्या आळीतला कुणी असता तर?” आत्या पोट धरून हसली. आईने एकच विचारलं, “हिला आई नाहीये का?” आणि नीनाचे वडील उपोषणाला बसतात तिथे बाबा उठून गॅलरीत गेले. परत आल्यावर एवढंच म्हणाले, “काय मूर्ख बाप दाखवलाय.” पत्रलेखिका लिहिते, “मला माझं उत्तर मिळालं. आता दोनच रस्ते. हे सगळं सोडून द्यायचं, नाहीतर रजिस्टर लग्न उरकून मग घरी फोन करायचा. वय म्हणजे नुसता आकडा, हे ह्या लोकांना कधी कळणार?” (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

प्रिय मैत्रिणी,

माझ्या लेकीच्या वयाची आहेस, म्हणून ‘तू’ म्हणते.

तुझं पत्र वाचलं त्याच रात्री मी तो सिनेमा पुन्हा पाहिला. पहिल्यांदा पाहिला होता तो २००७ च्या मे महिन्यात, लागला त्याच आठवड्यात. तेव्हा मी ४४ वर्षांची होते आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत त्या दोघांच्या बाजूने होते. नीना पुलाव परत पाठवते, शेफमहाशय बाहेर येऊन तिला चार शब्द सुनावतात, आणि मग ती स्वतः केलेला पुलाव पाठवते तेव्हा त्यांना कळतं की चूक आपल्याच स्वयंपाकघरात झाली, मिठाऐवजी साखर पडली. त्या जागी मी मनापासून खूश झाले होते. मुलीचा बाप मला तेव्हा नुसता आडकाठी वाटला होता. आता मी ६३ वर्षांची आहे, आणि ह्या वेळी माझी नजर सारखी परेश रावलकडे वळत होती. गांधीवादी, एकटा माणूस, घरात लेकीशिवाय कुणी नाही, आणि समोर जावई म्हणून बसलेला गृहस्थ आपल्याहून मोठा. त्याच्या तोंडाला कोरड पडलेली मला दिसली. सिनेमा तोच आहे. मी मात्र त्या गोष्टीत दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसले होते.

हे आधी सांगितलं, कारण तुझं सगळं पत्र एका गृहीतकावर उभं आहे : घरच्यांनी सिनेमाबद्दल जे मत दिलं तेच त्यांचं तुझ्याबद्दलचं मत. त्यांना तर माहीतही नव्हतं की तू त्यांची परीक्षा घेतेयस. दिवाळीचा फराळ पुढ्यात, सगळे एका खोलीत दाटीवाटीने बसलेले, त्यात जो तो बाकीच्यांना ऐकू जाईल असं बोलत होता. सासू-सासरे शेजारी असताना तुझी वहिनी “नको गं बाई” म्हणणार नाही तर काय म्हणेल? पण त्याच्या आधी “किती गोड आहेत दोघं” हेही तिनेच म्हटलं होतं. पत्रात ते वाक्य तू लिहिलंस, आणि हिशोब करताना सोडून दिलंस.

दादाचं वाक्य मला बोचलं नाही, उलट विचार करण्यासारखं वाटलं. आपल्या हिंदी सिनेमात पन्नाशीचा नायक आणि पंचविशीची नायिका हे आपण वर्षानुवर्षं बघत आलोय. कुणी वय मोजत नाही, कारण पटकथा त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. दिग्दर्शक आर. बाल्की यांनी आपल्या ह्या पहिल्याच सिनेमात वय उघड बोलून दाखवलं. चौसष्ट. चौतीस. अठ्ठावन्न. सगळे विनोद त्यावर, भांडण त्यावर, बापाचा विरोधही त्यावर. म्हणून माणसं हसतात आणि त्याच वेळी जागेवर चुळबुळ करतात. नीना झाडाकडे बोट दाखवून त्याला तिथपर्यंत पळत जाऊन यायला सांगते, तो प्रसंग आठव. थिएटरात माझ्या शेजारच्या बाईंनी हसता हसता पदर तोंडाला लावला होता, आणि लगेच मागे वळून आपल्या यजमानांकडे बघितलं होतं. तुझा दादा तेच म्हणाला : पडद्यावर चालेल, आळीत जड जाईल. ही लोकांची भीती आहे. आळीत राहायचं त्याला आहे, तुला नाही, हेही लक्षात घे.

आणि आपल्या मराठी घरांत ही चुळबुळ कुठून आली तेही बघ. गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत शारदा’ १८९९ सालचं. पंच्याहत्तरीच्या भुजंगनाथाला मुलगी द्यायला निघालेला लोभी कांचनभट आपल्या सगळ्यांना माहीत आहे. ज्यांनी नाटक पाहिलं नाही त्यांनाही माहीत आहे. १९३७ साली व्ही. शांताराम यांनी ‘कुंकू’ काढला. त्यात फसवून म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलेली नीरा त्या नवऱ्याला नवरा मानायलाच नकार देते. पिढ्यान्‌पिढ्या आपण ह्या मुलींच्या बाजूने रडलो आणि चिडलो. ती चीड चांगली आहे, ती आपल्यातून जाऊ नये. पण तिचा एक परिणाम असा होतो की मुलगी आणि वयाने बराच मोठा पुरुष असं काही ऐकलं की आपल्या डोळ्यांपुढे आधी भुजंगनाथ उभा राहतो. शारदेला कुणी विचारलं नव्हतं. नीरेला फसवलं होतं. तुला कुणी विकलेलं नाही, फसवलेलं नाही, तू ३५ वर्षांची कमावती बाई आहेस आणि स्वतः निवड करतेयस. हा फरक घरच्यांना दिसायला हवा, आणि तो फक्त तूच त्यांना दाखवू शकतेस. लग्न उरकून केलेल्या फोनवरून तो दिसणार नाही. तेव्हा त्यांना एवढंच कळेल की आपली पोर आपल्यापासून लपून काहीतरी करून बसली.

आता बाबा. तुझ्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच, आणि तू ती एका ओळीत संपवलीस. बाबा नेमके कुठे उठून गेले? पहिल्या भेटीत नाही. ते दोघं पावसात छत्रीखाली चालतात तेव्हा नाही. झाडाच्या प्रसंगातसुद्धा ते बसून होते, आणि तो प्रसंग लेकीशेजारी बसून बघणं कुठल्याही बापाला अवघडच. ते उठले ते बाप उपोषणाला बसल्यावर, जिथे सिनेमा त्या बापाला हसण्यावारी नेतो तिथे. परत आल्यावर ते म्हातारचळ म्हणाले नाहीत, “शोभतं का हे” असंही म्हणाले नाहीत. ते म्हणाले, मूर्ख बाप दाखवलाय. अशा प्रेमकथेला कुणीतरी आडवं यावं लागतं, आणि आडवा येणारा हास्यास्पद झाला की काम सोपं होतं. तुझ्या बाबांना ते सोपं काम आवडलं नसावं. मला त्यांच्या मनातलं कळतं असा माझा दावा नाही. पण ‘बाबा मेले तरी तयार होणार नाहीत’ हा अर्थ तू त्या वाक्यात घातलायस, तो त्यात नव्हता. त्यात एका बापाचा मान होता. रजिस्टर लग्न करून फोन केलास तर तू त्यांना नेमकं त्याच जागी नेऊन बसवशील, जिथून ते उठून गेले होते.

आणि आईचा प्रश्न! “हिला आई नाहीये का?” त्या सिनेमात नीनाची आई कुठे दिसतच नाही, सगळा मामला बाप-लेकीतला. अख्ख्या घरात एवढी एकच बाई होती जिने नसलेलं माणूस शोधलं. माझा अंदाज विचारशील तर आईला काहीतरी कळलंय. तीन वर्षं लेकीचा आवाज फोनवर ऐकणाऱ्या बाईला काही कळत नाही असं मानू नकोस.

आत्याबद्दल जाता जाता. ती हसली म्हणून तू तिला मोजलंच नाहीस. सिनेमात शेफमहाशयांना व्यायामाला पाठवणारी त्यांची आई झालेल्या जोहरा सेहगल यांनी स्वतः १९४२ साली आठ वर्षांनी लहान, परधर्मातल्या मुलाशी लग्न केलं होतं. उदय शंकरांच्या नृत्यसंस्थेत भेटले होते दोघं. आत्याला ही गोष्ट सांगून बघ. पोट धरून हसणारी म्हातारी माणसं पुष्कळदा सगळ्यांत आधी आपल्या बाजूला येतात.

इथवर मी तुझ्या घरच्यांची बाजू मांडली. आता तुझ्या एका वाक्याशी मला भांडायचंय. वय म्हणजे नुसता आकडा, असं तू लिहिलंस. नाही गं. वय म्हणजे गुडघे, चष्म्याचा नंबर, निवृत्तीची तारीख, आईबाप किती वर्षं पुरतील त्याचा अंदाज. ३५ आणि ५३ हे आज छान दिसतं. तू ५२ ची होशील तेव्हा ते सत्तरीत असतील. तू नोकरीच्या ऐन भरात असशील आणि त्यांना सकाळी पेपर वाचायला जोडीला माणूस हवं असेल. सिनेमा लग्नापाशी संपतो, तो त्याचा हक्क आहे. तुमचं तिथून सुरू होतं. हे नातं चुकीचं आहे असं मी म्हणत नाहीये. पण आकड्याला ‘नुसता’ म्हटलं की त्याबद्दल बोलायचं राहून जातं, आणि तुम्ही दोघं बोलला आहात असं तुझ्या पत्रात मला कुठे दिसलं नाही.

मूल हवंय का, ते आधी बोला. पत्रात त्याचा शब्दही नाही, आणि इथे वेळ खरंच थोडा आहे. २०२१ च्या कायद्याप्रमाणे आयव्हीएफसारखे उपचार घ्यायचे तर बाईचं वय ५० च्या आत आणि पुरुषाचं ५५ च्या आत लागतं. ते ५३ चे आहेत. तुझ्याकडे वर्षं असली तरी त्यांच्याकडे नाहीत. दत्तक घ्यायचं म्हटलं तर लग्नाला दोन वर्षं झालेली असावी लागतात, आणि नवरा-बायकोच्या वयांची बेरीज मोजतात. दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी ती ८५ च्या वर चालत नाही. तुमची आजच ८८ आहे. दोन वर्षांनी ९२ होईल, म्हणजे चार वर्षांपुढच्या मुलाचा विचार करावा लागेल. त्यातही आनंद आहे, पण तो ठरवून घेतलेला असावा, उशीर झाला म्हणून गळ्यात पडलेला नको. आणि मूल नकोच असेल तर तेही दोघांनी एकमेकांना स्पष्ट सांगितलेलं असू दे. “बघू पुढे” हे उत्तर तुमच्या बाबतीत चालणार नाही.

दुसरी गोष्ट त्यांच्या मुलाची. तो २१ चा, तू ३५ ची. तू त्याची आई होऊ शकत नाहीस, व्हायची गरजही नाही. पण त्याला माहीत आहे का? तुझ्या आईबाबांना सांगायचं कसं ह्याची तीन पानं तू लिहिलीस, त्याच्याबद्दल एक ओळ. माझं ऐकशील तर तुझ्या घरी विषय काढण्याआधी त्यांनी मुलाशी बोलावं. आणि पैशांचं तेव्हाच मिटवावं. माणूस मृत्युपत्र न करता गेला तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बायको, मुलं आणि आई असेल तर आई ह्यांना सारखा वाटा जातो. बँकेत लावलेला नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, हे अनेक शिकलेल्या माणसांनाही माहीत नसतं. मृत्युपत्र साध्या कागदावर होतं, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. त्या मुलाच्या मनात “ही कशासाठी आली” असा किडा शिरू नये असं वाटत असेल तर हा कागद लग्नाआधी होऊ दे.

तिसरी गोष्ट विचारताना मला अवघड वाटतंय, तरी विचारते. ते तुझे वरिष्ठ होते. नातं सुरू झालं तेव्हा तुझी बढती, तुझी पगारवाढ त्यांच्या सहीने होत होती का? आज तुमच्यात मतभेद झाले की शेवटचा शब्द कुणाचा असतो? कुठे राहायचं, कुणाकडे जायचं, तुझ्या मैत्रिणींना कधी भेटायचं, हे कोण ठरवतं? अठरा वर्षांच्या अंतरात मला धास्ती वाटते ती ह्याची. गुडघ्यांना औषध असतं. एकाने कायम शहाणं असायचं आणि दुसऱ्याने कायम शिकायचं, असं नातं आतून पोखरत जातं. तू त्यांना कधी “नाही” म्हणालीस आणि त्यांनी ते मुकाट्याने मान्य केलं, असे तीन प्रसंग तुला चटकन आठवले तर मी निर्धास्त आहे. आठवायला वेळ लागला तर थांब आणि त्यांच्याशी बोल. पुरुष लहान आणि बाई मोठी अशी जोडपीही मला पत्रं लिहितात. त्यांनाही मी हेच विचारते.

आता तुझे दोन रस्ते. सोडून देणं हा रस्ता मी तुझ्यासाठी निवडणार नाही, कारण तुझ्या पत्रात त्यांच्याबद्दल कुठे किंतु नाही. एका संध्याकाळच्या शेरेबाजीवरून तीन वर्षं टाकून दिलीस तर त्याचा राग तू पुढे आयुष्यभर आईबाबांवर काढशील, आणि त्यांना कारणही कळणार नाही. राहिला रजिस्टर लग्नाचा. विशेष विवाह कायद्याने ते करायचं तर विवाह अधिकाऱ्याकडे ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते, आणि ती कार्यालयाच्या फलकावर लागते. येणारे-जाणारे ती वाचू शकतात. वयातलं अंतर ही कायद्याने हरकत होत नाही, त्याची काळजी नको. पण विचार कर, तुझ्या लग्नाची बातमी त्या फलकापुढे उभ्या असलेल्या परक्या माणसाला कळणार आणि बाबांना नाही. ते ३० दिवस तसेही जाणारच आहेत. ते बोलण्यात जाऊ देत.

बोलायचं कसं? सगळ्यांना एकत्र बसवून मुळीच नको. पाच माणसं एका खोलीत आली की पाचही जण एकमेकांसाठी बोलतात, हे दिवाळीत पाहिलंस. आधी आई, एकटी. तिला सिनेमाची आठवण करून दे आणि म्हण, “तू विचारलंस ना, हिला आई नाहीये का. मला आहे, म्हणून सांगतेय.” वय पहिल्या दोन वाक्यांत सांगून टाक. “थोडे मोठे आहेत” असं म्हणून पंधरा दिवसांनी ५३ सांगितलंस तर अठरा वर्षांपेक्षा त्या पंधरा दिवसांचा राग जास्त येईल. घटस्फोट आणि मुलगा, हेही त्याच बैठकीत. आई रडेल कदाचित. रडू दे. तिला समजावत बसू नकोस, तिच्या शेजारी बस. माणसाला घरी न्यायची घाई नको. आधी बातमी पचू दे, मग फोटो, मग फोन, मग भेट. भेटीत त्यांनी तुझ्या बाबांना ‘सर’ म्हणू नये आणि पायाही पडू नये. दोघांनाही कानकोंडं होईल. चहा घ्यावा, बाबांना त्यांच्या नोकरीच्या दिवसांबद्दल विचारावं आणि ऐकावं.

बाबा नाही म्हणाले तर? म्हणू शकतात. तीनचार महिने थांब, दर पंधरवड्याला घरी जा, विषय त्यांनी काढला तरच बोल. त्यानंतरही ‘नाही’च राहिलं तर त्यांना तारीख सांगून लग्न कर, त्यांच्यासाठी खुर्ची ठेव, आणि ते आले नाहीत तरी पुढच्या महिन्यात नेहमीसारखी घरी जा. तू प्रौढ आहेस, परवानगी तुला कुणाकडून मागायची नाही. पण सांगणं वेगळं, आणि तेवढं तू बाबांना देणं लागतेस.

आईशी बोलून झालं की बाबांबरोबर संध्याकाळच्या फेरीला जा. लग्नाचं लगेच काढू नकोस. चालता चालता आधी विचार, “बाबा, दिवाळीत तो सिनेमा लावला होता, तुम्ही मधेच उठून का गेलात?” आणि ते बोलायला लागले की टेकडीचा चढ संपेपर्यंत गप्प राहा. ते काय म्हणाले, ते मला कळव.